थंडीत इंजिन किती वेळ चालू ठेवायचं

नांदेडच्या एका खासगी आयटीआयमध्ये मी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. बावीस वर्षं झाली. बाई आणि डिझेल मेकॅनिक म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग माझे हात बघतात. नखांच्या कडेला बसलेलं काळं आता कशानंच निघत नाही. लग्नात मेंदी काढणारी मुलगी माझा हात हातात घेते, क्षणभर थांबते आणि काही न बोलता कोन फिरवायला लागते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. या भागात इंजिनातलं माझ्याएवढं कळणारी दुसरी बाई नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला मोठा आधार होता.

ती माझ्या वर्गात आली तेव्हा अठरा वर्षांची होती. बिलोलीजवळच्या खेड्यातली. इलेक्ट्रिशियनच्या जागा भरल्या म्हणून नाइलाजानं डिझेलला आलेली. वर्गात बाकी सगळे मुलगेच. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना ट्रॅक्टरच्या इंजिनातली हवा काढायला शिकवत होते. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. मग पंपावरचा बोल्ट सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत हातानं पंप मारावा लागतो. मुलगे वाकून बुडबुडे बघत होते. ती मागं उभी होती. तिथूनच म्हणाली, "मॅडम, संपली हवा. आवाज बदलला."

बघितलं तर खरंच संपली होती. नुसत्या आवाजावरून हे ओळखायला मला चार-पाच वर्षं लागली होती.

तेव्हा मला आनंदच झाला. वर्षभर मी तिला हातचं काही न राखता शिकवलं. पास झाल्यावर मीच तिला लातूरला एका जुन्या गॅरेजात चिकटवली. माझं माहेर लातूरचं, त्यामुळं तिथल्या वस्तादांची ओळख होती. साठी उलटलेले, वडलांपासून गाड्यांच्याच धंद्यात असलेले. वर्षभरानं भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हंजे हीरा दिला तुम्ही. गिऱ्हाईक आता मला नाही, तिला पुसत येतेत." मी हसले. पण बसमध्ये बसल्यावर ते वाक्य अहमदपूरपर्यंत माझ्याबरोबर आलं. मला पुसत कोण येतं? आयटीआयमध्ये मुलं येतात, सर्टिफिकेट घेतात, जातात.

याच गॅरेजाच्या तीन गिऱ्हाइकांनी आपापल्या डिझेल गाड्या घेऊन नेपाळमार्गे तिबेट, तिथून किरगिझस्तान आणि उझबेकिस्तान गाठायचा बेत केला. दोन डॉक्टर आणि एक डाळीचे व्यापारी, तिघंही सहकुटुंब. अडीच महिन्यांचा प्रवास. बरोबर मेकॅनिक हवा होता. वस्तादांचे गुडघे गेलेले. त्यांनी तिचं नाव सांगितलं.

हे सांगायला ती पेढे घेऊन नांदेडला माझ्या घरी आली. मी पेढा हातात घेतला, आणि त्याच क्षणी मला कळलं की हे मला हवं होतं. तोवर कधी मनातही आलं नव्हतं. परदेशात जाऊन गाड्या बघाव्यात, तिथलं डिझेल कसं असतं ते हुंगून बघावं, असलं काही मी कधी मागितलं नव्हतं, कुणी नाकारलंही नव्हतं. तिला मिळालं तेव्हाच ते मला दिसलं.

"घरचे सोडतील का तुला?" मी विचारलं. सोडू नयेत, असं मनात होतं.

"त्याच्यासाठीच आले, मॅडम. बाबा न्हाई म्हणायलेत. तुम्ही येऊन बोललात तर ऐकतील."

त्या रविवारी मी तिच्या गावी गेले. तिच्या वडलांचा टेम्पो आहे, धर्माबादच्या बाजारात मिरचीची पोती पोचवतात. अंगणात खुर्ची टाकली, चहा आला. ती दारातच उभी राहिली. मी बोलायला सुरुवात केली आणि माझं मलाच ऐकू येत होतं की मी तिच्या बाजूनं बोलत नाहीये. म्हटलं, रस्ते वाईट आहेत. उंचावर श्वास लागतो. नव्या गाड्यांना डिझेल फार चोख लागतं आणि तिकडं कुठं काय मिळेल सांगता येत नाही. गंधक जास्त असलेलं डिझेल, पाणी मिसळलेलं डिझेल, डिझेल फवारणारं एखादं नोझल गेलं तर शंभर शंभर किलोमीटरवर माणूस नाही. सगळं खरं होतं. ज्या सुरात सांगत होते तो सूर खरा नव्हता.

वडील शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "बरोबर हाय. पलीकडं तेलंगणात भरलेलं डिझेल आमच्या टेम्पोला मानवत न्हाई, तर तिकडचं काय मानवायचंय." मग त्यांनी माझ्याकडं सरळ बघून विचारलं, "मॅडम, एक सांगा. तुमाला कुणी बोलावलं असतं, तर तुम्ही गेल्या असत्या का?"

खोटं बोलायचा विचार मनात येऊन गेला. पण तोंडातून निघालं ते खरंच निघालं. "गेले असते."

"मग जाऊ द्या तिलाबी," ते म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

ती माझ्या पाया पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या वाटेवर मला स्वतःचा फार राग आला होता. कशाचा, अडवायला गेले याचा की अडवू शकले नाही याचा, ते काही मला ठरवता येईना.

निघायच्या आधी दोन रविवार मी लातूरला जाऊन तिला तयार केलं. ते काम मात्र मी मनापासून केलं, कारण त्यात मी मोठी होते आणि ती लहान. वस्तादांच्या गॅरेजात तिन्ही नव्या गाड्या उभ्या होत्या. मी सांगत गेले आणि ती वहीत लिहीत गेली. जिथं ट्रकवाल्यांची रांग असेल तिथंच डिझेल भरायचं, तिथला साठा रोज नवा असतो. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा खालचा नट रोज सकाळी सैल करून आधी पाणी सोडायचं. कॅनमधलं डिझेल घ्यायची वेळ आली तर काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरायचं. गढूळ दिसलं किंवा तळाशी थर बसला तर घ्यायचं नाही. तिबेटात पंपावर डिझेलच्या पुढं उणे दहा, उणे वीस असे आकडे असतात, ते मी वाचलं होतं. रात्री जेवढी थंडी पडणार त्याच्या खालचा आकडा घ्यायचा, नाहीतर डिझेल तुपासारखं थिजतं आणि फिल्टर तुंबतो. प्रत्येक गाडीला चार-चार डिझेल फिल्टर बरोबर ठेवायचे.

"आणि थंडीत?" तिनं विचारलं.

"थंडीत सकाळी इंजिन वीस-पंचवीस मिनिटं जागेवर चालू ठेवायचं. तेल गरम झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही," मी म्हणाले. बावीस वर्षं हेच शिकवलं होतं. तिनं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

ते निघाले. फोटो यायला लागले. मी ते मोठे करून बघायची, आणि बघायची ती डोंगर नव्हे, चुका. नेपाळमधल्या एका फोटोत डिझेल भरायचं फनेल उघडंच मातीत ठेवलेलं दिसलं, तर मला इतकं बरं वाटलं की मी तो फोटो ठेवून दिला. असा फोटो जपून ठेवणारी मी कोण झाले होते, याचा विचार तेव्हा केला नाही.

मग वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर तिची बातमी आली. आमच्या संस्थेनं गेटवर फ्लेक्स लावला. तिचा मोठा फोटो, बाजूला संस्थाचालकांचा. शिकवणाऱ्या बाईचा कुठं पत्ता नाही. मुलं येता-जाता त्याच्यापुढं सेल्फी काढायची. माझे यजमान झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत. ते पेपर पुढं करून कौतुकानं म्हणाले, "बघ, तुझी पोरगी कुठं पोचली."

"माझी कशाची? बिलोलीची आहे," मी म्हणाले आणि पोळ्या लाटायला गेले. त्या दिवशी एकही पोळी गोल झाली नाही.

त्यानंतर आठवडाभरात तिचा आवाजी निरोप आला. दुपारची वेळ, मी प्रॅक्टिकल संपवून हात पुसत होते. तिचा आवाज धापा टाकल्यासारखा होता, वारा जोरात वाजत होता. "मॅडम, दोन्ही डॉक्टरांच्या गाड्यांचा डीपीएफचा दिवा लागलाय. गाडी ओढतच न्हाई, चाळीसच्या वर जाईना. डिझेल उणे वीसचंच भरलंय. तुम्ही सांगितल्यापरमानं रोज सकाळी पंचवीस मिनिटं चालू ठेवून मगच निघायलोय. काय करू, सांगा."

डीपीएफ म्हणजे नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. आमच्या पुस्तकात त्यावर चार ओळी आहेत. त्या मी फळ्यावर लिहून देते. हात मात्र मी त्याला कधी लावला नव्हता. आमच्याकडं शिकवायला आहे ते जुनं ट्रॅक्टरचं इंजिन आणि त्याहून जुनं ट्रकचं.

मला उत्तर येत नव्हतं.

मी निरोप परत ऐकला. 'येत नाही, वस्तादांना विचार,' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. ते माझ्यानं लिहवेना. त्यात दुसरंही एक मिसळलेलं होतं, आणि तेही सांगते. मला वाटलं, पडू दे जरा अडकून. फ्लेक्सवरच्या बाईंना कळू दे. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशीही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. तिच्याबरोबर बायका होत्या, डॉक्टरांची लहान मुलगी होती, उंचावर सगळे. रजा टाकली आणि लातूरची बस पकडली. नांदेडात विचारता आलं असतं, नव्या गाड्यांची गॅरेजं कितीतरी आहेत. पण तिथं निम्मी पोरं माझ्याच हाताखालून गेलेली. त्यांना विचारायची मला लाज वाटली.

वस्तादांनी स्टूल पुसून दिलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता चिडले. "तीन दिवस झाले? मग मला का फोन केली नाही पोरगी?" मग स्वतःच आठवून म्हणाले, "हां, जाताना म्हनली होती मला. अडलं तर पैले मॅडमला इचारीन, मग तुमाला."

मी खाली बघितलं.

"जागेवर खडी करून चालू ठेवायलेत का गाड्या?" त्यांनी विचारलं.

"सकाळी. पंचवीस मिनिटं."

"अरे राम राम. हे जुन्या इंजिनाचं झालं. नवी गाडी जागेवर चालू ठेवली तर सायलेन्सर गरमच होत नाही, काजळी जळत नाही, नुसती भरत जाते. वर तिकडं हवा पातळ, काजळी अजून जास्त. मिनिट-दोन मिनिटं ठेवायची आणि हळूहळू चालवत गरम करायची. भरलीच तर खालच्या गिअरमध्ये, इंजिन जरा जास्त फिरवत, अर्धा घंटा सलग पळवायची. आपोआप जळून जाते. तिला असलं कुणी सांगितलं?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले.

माझ्या आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, पण ते दोन शब्द मला अजून टोचतात. बाहेर येऊन बसस्टँडच्या बाकड्यावर बसले आणि सगळं नीट टाइप करून तिला पाठवलं. तासाभरानं तिचं उत्तर आलं.

"मॅडम, झालं ते. कालच झालं. डाळवाल्या काकांना दम निघत न्हाई, ते सुरू केल्या केल्या गाडी काढतात. त्यांच्या गाडीला दिवा लागला न्हाई आणि डॉक्टरांच्या दोन्हींना लागला, म्हणून डोक्यात आलं. सपाट रस्ता बघून तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास पळवल्या. दिवा गेला. ते चालू ठेवायचं या गाड्यांना चालत न्हाई, मॅडम. कुणी सांगितलं होतं ते मी इथं कुणाला बोलले न्हाई."

बाकड्यावर शेजारी एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा विकत होती. मी तिच्याकडून उगाच पावशेर शेंगा घेतल्या आणि न खाता धरून बसले. तिनं मला सांभाळून घेतलं होतं. मी शिकवलेली चूक तिनं स्वतःच्या डोळ्यांनी शोधली, दुरुस्त केली, आणि वर माझी अब्रू राखली. मी कृतज्ञ व्हायला हवं होतं. मला मात्र तिचा आणखीच हेवा वाटला. हातात कला होती, ती मी समजू शकत होते. एवढं मोठं मन तिला कुठून मिळालं, तेही या वयात?

दोन आठवड्यांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. ते उझबेकिस्तानात पोचले होते. तिथं बहुतेक गाड्या गॅसवर चालतात आणि डिझेलचा पंप सापडणं कठीण, लोक घरासमोर कॅन मांडून डिझेल विकतात. ती अशाच एका दारासमोर उभी होती. मागं कापसाचं शेत, अगदी आपल्याकडच्यासारखं.

"मॅडम, बाटलीत काढलंय. बघा बरं." तिनं बाटली उन्हात धरली.

"फोन हलवू नकोस. जवळ आण. तळाला काय आहे?"

"थोडं ढगाळ दिसायलंय."

"पाच मिनिटं तशीच ठेव. हलवू नकोस."

पाच मिनिटं आम्ही दोघी एका बाटलीकडं बघत राहिलो. तो विकणारा माणूस मध्येच वाकून कॅमेऱ्यात बघायचा आणि हात जोडायचा. तळाला पाण्याचा बारीक थर हळूहळू वेगळा झाला. ती माझ्या आधी म्हणाली, "पाणी हाय." तिनं त्या माणसाला बाटली दाखवली. तो ओशाळला, आत गेला, दुसरा कॅन घेऊन आला. ते डिझेल स्वच्छ निघालं. तिनं तरीही दुहेरी कापडातून गाळून घेतलं.

ती फोन ठेवणार तेवढ्यात मी म्हणाले, "थांब. तिबेटात तू विचारलंस तेव्हा मी तीन दिवस गप्प बसले. मला त्यातलं येत नव्हतं."

"असू द्या की मॅडम."

"असू द्या नाही. येत नाही, हे मी लगेच सांगायला हवं होतं."

ती नुसती मान हलवत हसली. दुसरी गोष्ट, हेव्याची, मी तेव्हाही सांगितली नाही.

ते सगळे सुखरूप परत आले. तिन्ही इंजिनं ठणठणीत. आमच्या संस्थेत तिचा सत्कार झाला आणि माझ्या हस्ते तिला शाल दिली. भाषणात तिनं माझं नाव चार वेळा घेतलं. मी मोजलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी वस्तादांना फोन करून विचारलं, आठ दिवस येऊन बसू का गॅरेजात? नव्या गाड्यांचं शिकायचंय. ते म्हणाले, "या की, पन आता शिकवायचं काम पोरगीच बघते." मी भावाकडं राहून रोज सकाळी जायला लागले. ती मला स्कॅनर कसा लावायचा, आकडे कसे वाचायचे, काजळी किती भरली ते कसं ओळखायचं, हे दाखवायची. मी चुकीची तार धरली तर माझा हात अलगद बाजूला करायची आणि तरीही "मॅडम" म्हणायची. पहिले दोन दिवस ते मला सहन होईना. जेवायच्या सुट्टीत मी वस्तादांच्या ऑफिसात एकटीच डबा खायची.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी एका गाडीखाली होतो. वर बघत असल्यामुळं एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते, म्हणून असेल कदाचित, मी बोलून गेले. "मी जळत होते तुझ्यावर. तुझ्या गावी आले होते ना, तेव्हाही. उत्तर दिलं नाही, त्यात तेही होतं."

तिचा पाना थांबला.

"वाटलं होतं मला," ती म्हणाली. "तिबेटात लई रडले मी त्या दोन दिवसांत. दिव्यामुळं न्हाई."

मला वाटलं होतं, ती हसून सोडून देईल. तिनं सोडलं नाही. मी "चुकलं माझं" म्हणाले. ती "हाव" म्हणाली आणि पाना पुन्हा फिरवायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहा सांगताना तिनं माझाही सांगितला, आणि डबा उघडून माझ्यासमोर येऊन बसली. शेंगदाण्याची चटणी होती, बिलोलीहून आईनं पाठवलेली.

आता मी वर्गात डीपीएफच्या चार ओळी फळ्यावर लिहून देत नाही. वस्तादांकडून एक जुना, बाद झालेला फिल्टर आणलाय. तो मुलांच्या हातात देते आणि सांगते की थंडीत इंजिन जागेवर चालू ठेवा, असं मी बावीस वर्षं शिकवलं, जुन्या इंजिनाला ते चालून गेलं, नव्याला ते चुकीचं आहे. पहिल्यांदा हे सांगितलं ते फळ्याकडं तोंड करून. मुलांनी निमूट लिहून घेतलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

ती पुढच्या महिन्यात भूतानला निघालीये, दुसऱ्या कुणाच्या गाड्या घेऊन. फोटो येतील. आले की आत कुठंतरी टोचेल, हे मला माहीत आहे. ते गेलेलं नाही आणि जाईल असं वाटतही नाही. काल तिनं विचारलं, तिकडं चढावर इंजिन ऑइल कुठलं बरं पडेल? मी त्याच मिनिटाला लिहिलं, "मला नक्की माहीत नाही. वस्तादांना विचारून संध्याकाळी सांगते."